तत्त्वाचे तीस रुपये

माणसाला राग नेमका किती रुपयांपासून येतो, याचा अभ्यास मोबाईल कंपन्यांनी करून ठेवलेला असणार. दोन रुपये गेले तर माणसाला कळतच नाही. शंभर गेले तर तो शर्ट चढवून तडक दुकान गाठतो. पण तीस? तीस रुपयांसाठी तो बिल डोळ्यांजवळ नेतो, लांब धरतो, ‘हे कसले लावलेत?’ असं घरभर विचारतो आणि तेवढ्यात चहा येतो म्हणून बिल टीव्हीखाली सरकवून देतो. २०१२ च्या सुमारास फोनवर बरंचसं तीस रुपयांनाच मिळायचं ते उगीच नाही. कॉलर ट्यून महिना तीस, राशिभविष्य महिना तीस, विनोद महिना तीस. हा आकडा ज्याने काढला त्याला मनुष्यस्वभाव कळला होता. फक्त डोंबिवली पूर्वेला राहणारा, रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेला आणि दुपारी झोप न येणारा माणूस त्याने हिशेबात धरला नव्हता.

असा एक माणूस आमच्या घरात आहे. माझे सासरे, नाना. घरात आलेला कुठलाही छापील कागद आधी त्यांच्या भिंगाखालून जातो. विजेचं बिल, वाण्याची पावती, सोसायटीची नोटीस. लग्नपत्रिकासुद्धा. पत्रिकेतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ते पेन्सिलीने दुरुस्त करतात आणि आहेराच्या पाकिटात घालून यजमानांना परत देतात. आमच्याकडे लँडलाइनची सगळी बिलं अजून आहेत. त्या लँडलाइनचा अर्ज नानांनी केला तेव्हा माझा नवरा बालवाडीत होता. फोन वाजला तेव्हा त्याला मिसरूड फुटायला लागलं होतं. ज्याची एवढी वाट पाहिली त्याचा दर मिनिटाचा हिशेब ठेवणं ओघानेच आलं. माझं माहेर ठाण्याला, नौपाड्यात. ठाण्याचा कोड ०२२, डोंबिवलीचा ०२५१. लग्न झाल्यावर आईशी फोनवर बोलायला बसले की समोर नाना घड्याळ घेऊन बसायचे. ‘बोल तू सावकाश,’ असं म्हणायचे आणि सेकंदकाट्यावरची नजर काढायचे नाहीत.

तर २०१२ च्या पावसाळ्यात माझ्या मोबाईलचं बिल आलं. फोन माझ्या नावावर, पैसे माझ्या पगारातून, पण पाकीट फोडायचा मान नानांचा. त्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतलं. मासिक भाडं. लोकल कॉल. एसटीडी. आणि मग त्याच सुरात, ‘लव्ह टिप्स, तीस रुपये.’

सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं. नववीतल्या मुलाने गृहपाठात डोकं घातलं, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलं.

‘सूनबाई, मी काही विचारत नाही,’ नाना म्हणाले, ‘पण हे काय आहे?’

‘मला काय माहीत! मी असलं काही मागवलेलं नाही.’

‘टिप्स हव्या होत्या तर मला विचारायचंस,’ नवरा म्हणाला.

‘तुझ्याकडे असत्या तर कंपनीला धंदा कशाला मिळाला असता?’ आई म्हणाल्या. त्यांनी हे मेथीकडे बघत आणि माझ्या नव्हे, स्वतःच्या लग्नाच्या अनुभवावरून म्हटलं असावं, कारण नानांनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं. ‘प्रश्न तीस रुपयांचा नाही. तत्त्वाचा आहे.’ ज्या घरात हे वाक्य बोललं जातं, तिथे पुढचे कित्येक महिने त्या तीस रुपयांशिवाय दुसरा विषय निघत नाही, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

नाना एसएमएसच्या बाबतीत कंजूष होते असं कुणी समजू नये. २००९ च्या सुरुवातीला ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ रंगात आलं होतं तेव्हा त्यांनी माझ्याच फोनवरून मुक्त हस्ताने मतं पाठवली होती. साधा एसएमएस स्वस्त, मताचा महाग, हे त्यांना ठाऊक होतं. पण कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत यांपैकी कुणावरही अन्याय व्हायला नको म्हणून त्यांनी पाचही जणांना सारखीच मतं दिली. निकालावर याचा परिणाम शून्य, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं तर म्हणाले, ‘परिणामासाठी नाही, दाद म्हणून.’ कार्तिकी जिंकली. बिल भरलं. दाद बिनतक्रार खर्ची पडली.

फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे जमणाऱ्या पोरापोरींचंही तसंच. वर्षातले मोजके सण कंपन्या ‘ब्लॅकआउट डे’ म्हणून जाहीर करायच्या. त्या दिवशी तुमचं स्वस्तातलं एसएमएस पॅक बाद, पूर्ण दर लागू. नेमका दिवाळीत आणि एकतीस डिसेंबरला. दूरसंचार नियामक ट्रायने अशा दिवसांना वर्षाला पाचची मर्यादा घातली होती, म्हणजे पाच दिवस लुटायला रीतसर परवानगी होती. गणपती मंदिरापाशी उभं राहून पन्नास पावलांवरच्या मैत्रिणीला ‘कुठेयस?’ विचारायला पोरं रुपया मोजायची, आणि नेटवर्क इतकं तुंबलेलं असायचं की तो ‘कुठेयस?’ ती घरी पोचून फराळाला बसल्यावर यायचा. एकानेही कधी तक्रार केली नाही. आपल्या हाताने उधळलेला रुपया कुणाला टोचत नाही. न मागता कापलेला तीन दिवस घशात अडकतो.

लव्ह टिप्स बंद करायला ‘स्टॉप’ असा एसएमएस पाठवायचा असतो, हे मुलाने शोधून काढलं. मी पाठवणार एवढ्यात नानांनी हात धरला.

‘थांब. पुरावा नष्ट होईल.’

‘पुरावा?’

‘टिप्स येतायत तोवर सिद्ध करता येतं की येतायत. बंद झाल्यावर म्हणतील, कुठे आहेत टिप्स?’

हिशेबतपासनिसाच्या तर्कापुढे बोलायची सोय नसते. सेवा चालू राहिली, तीस रुपये पुढच्या महिन्यातही गेले, आणि रोज सकाळी दहाच्या सुमाराला येणारी टिप नाना वहीत उतरवून घेऊ लागले. तारीख, वेळ, मजकूर, शेरा. टिप्स इंग्रजी लिपीतल्या हिंदीत असत, त्यामुळे पहिला शेरा व्याकरणाचा असे. ‘जोडीदाराचं बोलणं मधे न तोडता ऐका’ या अर्थाची टिप आली त्या दिवशी शेरा होता: ‘अव्यवहार्य.’ ‘अचानक एखादी छोटी भेट द्या,’ आली त्या दिवशी शेरा काहीच नव्हता. संध्याकाळी नाना मंडईतून कोथिंबिरीच्या पिशवीत मोगऱ्याचा गजरा घेऊन आले.

आईंनी गजऱ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, ‘काय फोडलंत?’

तक्रारीचं काम साहजिकच माझ्याकडे आलं, कारण फोन माझ्या नावावर. त्यात एक गोम होती. कंपन्यांचे दोन नंबर असत. १९८ तक्रारीचा, तो फुकट. १२१ माहितीचा, आणि तिथे जिवंत माणसाशी बोलायचं तर त्या काळी काही कंपन्या तीन मिनिटांना पन्नास पैसे घेत. आपली गोष्ट तक्रार आहे की माहिती, हे आधी आपणच ठरवायचं. ‘मी लव्ह टिप्स मागवल्या नाहीत’ ही तक्रार. ‘मग कुणी मागवल्या?’ ही माहिती, पन्नास पैसे.

घरात निवांतपणा नाही, बँकेत फोन वापरायची बंदी. उरली डोंबिवली फास्ट. हे दाबा, ते दाबा, मराठीसाठी आणखी काही दाबा, असं करत मी एका हाताने कडी, एका हाताने फोन आणि कोपराने पर्स सांभाळत असे. मधल्या वेळात यंत्र मला नवीन कॉलर ट्यून ऐकवून विकायचा प्रयत्न करी. माणूस येईपर्यंत दिवा मागे पडलेलं असे.

‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?’

‘ऐका, भरभर सांगते, बोगदा येतोय.’

‘कुठला प्लॅन, मॅडम?’

‘प्लॅन नाही हो, बोगदा! पारसिकचा!’

‘मॅडम, तो प्लॅन सध्या आपल्या सर्कलमध्ये...’

आणि काळोख. १९१६ साली डोंगर फोडणाऱ्यांनी मोबाईलची रेंज विचारात घेतली नव्हती, त्यांना दोष देता येत नाही. त्या वेळी फास्ट लोकल त्या सव्वा-दीड किलोमीटरच्या बोगद्यातून जात. बाहेर पडलं की मुंब्र्याचा डोंगर मागे, कळव्याची खाडी पुढे, फोनवर टुंई टुंई. पुन्हा लावावा तर ठाणं आलं. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. काही दिवसांनी माझी एवढी तयारी झाली की नाव, नंबर, तारीख, रक्कम आणि संताप हे सगळं दिवा ते बोगदा एवढ्या अंतरात बसू लागलं. शेवटी एकदा बोगद्याच्या तोंडाशी तक्रारीचा डॉकेट नंबर मिळाला. तो मी लिपस्टिकने टिफिनच्या पिशवीवर लिहिला, कारण पेन शेजारच्या बाईंनी सुडोकूला घेतलं होतं.

लेडीज डब्यात काहीही गुप्त राहत नाही. फोन बंद होताच चौथ्या सीटवरून आवाज आला, ‘लव्ह टिप्स? कोणत्या कंपनीच्या? चांगल्या असतात का?’ मग सगळा डबा बोलू लागला. एकीच्या दिरांना क्रिकेटचा स्कोअर येत होता, त्यांना क्रिकेटचा तिटकारा. एकीच्या मुंजीच्या वयाच्या मुलाला नोकरीविषयक सूचना येत होत्या. विठ्ठलवाडीहून येणाऱ्या बाईंना रोज एक विनोद यायचा, आणि तो त्या डब्याला वाचून दाखवायच्या. त्यावरून माझी खात्री झाली की पैसे परत मिळायलाच हवेत.

‘पण चालू कसं होतं ते?’ मी विचारलं.

‘अगं, स्क्रीनवर चौकोन येतो ना मधेच? काहीतरी लिहिलेलं असतं आणि खाली ओके. ते दाबलं की झालं.’

‘मी नाही दाबलं.’

‘तू कशाला दाबायला पाहिजेस? पर्समध्ये फोन कुठे ठेवतेस?’

फोन मी डब्याशेजारी ठेवते. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, कोपरे टोकदार, आणि गर्दीत पर्स अशी दाबली जाते की आतल्या भेंडीच्या भाजीचं भरीत होतं. डब्याने सर्वसंमतीने निकाल दिला की प्रेमाविषयी मार्गदर्शन माझ्या टिफिनला हवं होतं. मी हे नानांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं, ‘करार करण्यास डबा कायद्याने सक्षम नाही.’

मग गॅलरी. कंपनीच्या दुकानाला गॅलरी म्हणायची पद्धत आहे. ठाण्याच्या गोखले रोडवरच्या गॅलरीत टोकन घेऊन बसलो, मी आणि नाना. नानांच्या मांडीवर फाईल. काउंटरवरचा मुलगा नम्र होता, त्याने पडद्याकडे पाहत सांगितलं, ‘सिस्टीममध्ये तर दिसतंय की रिक्वेस्ट तुमच्याच नंबरवरून आलीय.’

‘कधी?’

‘रात्री दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी.’

‘त्या वेळी ही झोपलेली होती,’ नाना म्हणाले. ‘मी साक्ष देतो. मी जागा होतो.’

‘सर, सिस्टीम खोटं बोलत नाही.’

इथे मला बोलता येईना. कारण मी नौपाड्यातल्या एका सहकारी बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसते, आणि हेच वाक्य, ह्याच सुरात, पडद्यावरून नजर न हलवता, मी दिवसभर लोकांना ऐकवत असते. ‘वरून आलंय’, ‘आमच्या हातात नाही’, ‘एक अर्ज देऊन ठेवा’, ‘उद्या साहेब आहेत’ ही सगळी माझीच वाक्यं तो मला एकामागून एक परत देत होता. ‘उद्या साहेब आहेत’ म्हणताना त्याने तर मान पण माझ्यासारखीच तिरकी केली. नाना चिडले होते. मला त्याचं कौतुक वाटत होतं. त्याच्या जागी असते तर मी जेवणाची सुट्टी अजून पाच मिनिटं आधी केली असती.

‘आणि तुमचं कनेक्शन कल्याणच्या फ्रँचायझीतून घेतलेलं आहे. तिकडे जावं लागेल.’

कल्याण पश्चिम, शिवाजी चौक. तिथल्या बाईंनी फाईल पाहिली, नानांना पाणी दिलं, बिलावरची नानांनी केलेली लाल-निळी खूण पाहून ‘किती छान ठेवलंय हो’ म्हणाल्या आणि सांगितलं, बिलिंगचं ठाण्याला होतं. कल्याणहून ठाण्याला जाताना आणि ठाण्याहून कल्याणला जाताना, दोन्ही वेळा मधे डोंबिवली लागते. दोन्ही वेळा ती खिडकीतून बघावी लागते. ठाण्याला आलोच आहोत तर म्हणून मामलेदार मिसळ व्हायची, कल्याणला आलोच आहोत तर म्हणून आणखी काही. या सगळ्याचा खर्च नाना वेगळ्या पानावर लिहीत होते. त्या पानाची बेरीज मात्र त्यांनी मला कधी दाखवली नाही.

याच काळात एक उपप्रकरण घडलं. नानांनी स्वतःच्या फोनवरून १९८ ला चौकशी करून पाहिली. बराच वेळ यंत्र बोलत होतं, नाना फोन कानाला घट्ट लावून ऐकत होते, आणि नानांचा गाल चांगला भरलेला आहे. दुसऱ्या दिवसापासून नानांना फोन करणाऱ्याला रिंगऐवजी एक तुफान उडत्या चालीचं सिनेमातलं गाणं ऐकू येऊ लागलं. स्वतःची कॉलर ट्यून स्वतःला कधी ऐकू येत नाही, त्यामुळे नानांना पत्ताच नव्हता. त्यांना एवढंच जाणवलं की ज्येष्ठ नागरिक संघातले लोक हल्ली फार फोन करतात आणि उचलला की जरा निराश होतात.

‘काय काम होतं?’

‘काही नाही. एवढ्या लवकर का उचललात?’

त्या गाण्याच्या आधी एक बाई सांगत असत की हे गाणं आपल्याला हवं असेल तर स्टार दाबा. संघातल्या दोघातिघांनी दाबला. महिन्याभरात कट्ट्यावरच्या निम्म्या मंडळींकडे तेच गाणं, प्रत्येकी तीस रुपये, आणि त्याचा उगम नाना. ज्याने मूल्यवर्धित सेवांविरुद्ध मोहीम काढली त्याने त्या भागातली कंपनीची सर्वांत मोठी विक्री करून दिली. नानांनी संघाच्या सभेत खुलासा केला. खजिनदार उठून म्हणाले की गाणं चांगलं आहे, राहू द्या.

कायद्याची बाजू नानांनी वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून उभी केली. २००७ साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये प्रेक्षकांसाठी स्पर्धा होती, उत्तराचा एसएमएस २ रुपये ४० पैशांना. एका ग्राहक संस्थेने दाद मागितली आणि २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने स्टार इंडिया आणि एअरटेल यांना एक कोटीचा दंड सुनावला, कारण बक्षिसाचा पैसा त्या एसएमएसमधूनच काढला असं आयोगाचं म्हणणं. ‘एक कोटी!’ असं नाना कात्रणावर बोट ठेवून म्हणायचे. (पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल पुराव्याअभावी रद्द केला. ते कात्रणही फाईलमध्ये आहे, पण उलटं लावलेलं.)

आमच्या डब्यात एक वकील होत्या. त्यांनी नानांचा बेत ऐकून मान हलवली. ‘फोनच्या बिलासाठी ग्राहक मंचात जाता येणार नाही. २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तार कायद्याचं कलम ७ ब. लवाद नेमावा लागतो.’

मी निरोप घरी पोचवला.

‘तार कायदा? कुठल्या सालचा?’

‘१८८५.’

नानांचे डोळे चमकले. ‘आणि लवाद कोण नेमतं?’

‘केंद्र सरकार.’

झालं. लव्ह टिप्सच्या तीस रुपयांसाठी भारत सरकारने लवाद नेमावा, अशा मजकुराच्या पत्राचा मसुदा त्या रात्रीच तयार झाला. नवऱ्याने तो कसाबसा रोखला. मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अर्ज गेला. २०१२ च्या नियमांप्रमाणे अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. चाळीस का नाही, यावर नानांनी पुष्कळ विचार केला. ‘चाळीस म्हटलं असतं तर अंदाजे वाटलं असतं,’ ते म्हणाले. एकोणचाळीस आकडा पाहून त्यांचा व्यवस्थेवरचा विश्वास पुन्हा बसला. कॅलेंडरवर ते रोज फुली मारत. एकोणचाळिसाव्या दिवशी कंपनीकडून खरोखरच एसएमएस आला. आपल्या समाधानाबद्दल आम्हाला एक ते पाच गुण द्या, असा.

१० जुलै २०१३ ला ट्रायने आदेश काढला. ग्राहकाचा दुसऱ्यांदा स्पष्ट होकार घेतल्याशिवाय असली सेवा चालू करायची नाही, आणि बंद करायला सगळ्यांसाठी एकच फुकट नंबर, १५५२२३. नानांनी बातमी कापली, पाठ केली. त्याच आठवड्यात दुसरी बातमी होती: भारतातली तार बंद होणार, शेवटचा दिवस रविवार, १४ जुलै.

रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असणार, हे धरून नाना सकाळीच निघाले. सोबत मी, कारण डॉकेट नंबरची टिफिनची पिशवी माझ्याकडे. फोर्टातल्या तार कार्यालयात ही गर्दी! तरुण मुलं स्वतःलाच तारा करत होती, आठवण म्हणून. कुणी नातवाला, कुणी लष्करातल्या मुलाला. कॅमेरे फिरत होते. एका वाहिनीची मुलगी नानांपाशी आली आणि आवाज हळवा करून म्हणाली, ‘आजोबा, आयुष्यातली शेवटची तार कुणाला करताय? आजींना?’

‘नाही. मोबाईल कंपनीच्या अपील अधिकाऱ्याला.’

‘अं... आणि मजकूर काय?’

नानांनी फॉर्म तिच्यापुढे धरून वाचला. ‘लव्ह टिप्स नॉट रिक्वेस्टेड स्टॉप रिफंड रुपीज थर्टी स्टॉप ट्राय ऑर्डर टेन्थ जुलै रेफर्स स्टॉप.’

कॅमेरा पुढच्या आजोबांकडे वळला. तारेला तीस रुपयांच्या आसपास खर्च आला. नानांनी पावती मागितली.

तारेचा परिणाम झाला म्हणा किंवा कंपनीत ती कुणाला वाचायची कशी हे कळेना म्हणून म्हणा, आठवड्याभरात माणसाचा फोन आला. बोगद्याबाहेर, घरी, रविवारी. ‘सर, गुडविल म्हणून आम्ही तीस रुपये परत करतोय.’

‘गुडविल कशाला? चूक झाली म्हणा.’

‘सर, सिस्टीममध्ये चुकीचा ऑप्शन नाहीये. गुडविलचाच आहे.’

पुढच्या बिलात खरोखर वजा तीस रुपये आले. आई म्हणाल्या, सुटलो. मी साखर आणली. नाना भिंग घेऊन अजून बिलावरच होते.

‘सेवाकर?’

‘काय सेवाकर?’

‘बारा पूर्णांक छत्तीस टक्के. तीस रुपयांवर ३ रुपये ७१ पैसे. तीस परत दिले, त्यावर घेतलेला कर कुठाय?’ आणि त्यांनी नवीन फाईलला भोक पाडायला पंच मागितला.

त्या फाईलबद्दल मी लिहीत नाही, ती चालू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोनच्या तक्रारी ग्राहक आयोगात नेता येतात असा निकाल दिला, तेव्हा नानांनी पेढे वाटले, आणि शेजाऱ्यांना वाटलं नातवाचं लग्न ठरलं.

नातू आता नोकरी करतो. त्याने नवा महागडा फोन घेतला, कनेक्शन घरच्याच खात्यावर. बिल हल्ली ईमेलवर येतं. नाना ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणवतात. परवा त्यातून एक ओळ निघाली. आंतरराष्ट्रीय एसएमएस, एक, पाच रुपये.

‘इंग्लंडला आपलं कोण आहे?’ नानांनी विचारलं. आता ते सत्त्याऐंशीचे आहेत, पण आवाज तोच.

मुलाने समजावलं. या फोनची मेसेजची सोय चालू व्हायची असली की फोन आपणहून इंग्लंडमधल्या एका नंबरला गुपचूप एसएमएस टाकतो. आपला नंबर खरा आहे ना, ते तपासायला. फोनमध्येच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की याचे पैसे लागू शकतात.

‘मालकाला न विचारता?’

‘हो.’

‘आणि तिकडून उत्तर येतं?’

‘येतं, पण फोनला. आपल्याला दिसत नाही.’

नाना बराच वेळ फोनकडे बघत राहिले. ‘म्हणजे पत्र त्याचं, उत्तर त्याला, आणि तिकीट आपलं.’

‘आजोबा, पाच रुपये आहेत.’

‘आणि आता तारसुद्धा बंद झालीय,’ आई आतून म्हणाल्या, बऱ्याच आशेने.

‘स्पीड पोस्ट चालू आहे,’ नाना म्हणाले आणि माझ्याकडे वळले. ‘सूनबाई, इंग्लंडचा पिनकोड किती?’